एका घागरीपुरती चाल

मागच्या महिन्यात मला लातूरला शाल दिली. म्हाताऱ्या कलावंतांचा सत्कार होता. आम्ही पाच जण होतो. दोघांच्या हातात काठी, एकाला ऐकू येत नव्हतं, आणि तोच तबलजी होता. खुर्च्या भरायला कुठल्याशा क्लासची पोरं आणून बसवली होती. ती बिचारी मांडीवर वही ठेवून, मान खाली घालून गणितं करत बसली होती. भाषण करणारा माणूस शिकलेला होता, चांगला होता. तो म्हणाला, मास्तरांनी दुष्काळात आपल्या क्लॅरनेटनं सगळ्या गावाची तहान भागवली, कलेचा जगाला असा उपयोग कुणी केला नसेल. टाळ्या झाल्या. मी नारळ धरून उभा होतो. तिथंच सांगायला पाहिजे होतं, की बाबा, हे अर्धंच खरं आहे. पण शालीनं उकडत होतं आणि जेवणाची वेळ झाली होती.

घरी आलो तर सांगायला कोणी नाही. बायको जाऊन वर्ष होऊन गेलं. ती असती तर शाल उलटीपालटी करून बघितली असती, काठाचा धागा ओढून बघितला असता आणि म्हणाली असती, तहान तुमी भागवली व्हय, मग मी काय करत होते? आणि ते खरंच असतं. म्हणून उरलेली अर्धी गोष्ट लिहून ठेवतो. माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षर वाकडं आहे. लागलं तर दोनदा वाचा.

मी बँडवाला. आयुष्यभर लोकांच्या वरातीत चालत आलो. नांदेडला एका उस्तादांकडं क्लॅरनेट शिकलो. शिकलो म्हणजे दोन वर्षं त्यांच्या घरचं झाडलोट केलं आणि मधनं मधनं फुंकलं. उस्तादांचं एकच सांगणं असायचं: सूर थोडा इकडं तिकडं झाला तर लोक माफ करतेत, लय हलली तर नाचणाऱ्याचा पाय मोडतो. ते लय हलवणाऱ्याच्या पाठीत क्लॅरनेटची पेटी घालायचे. माझ्या पाठीला ती दोनदा लागली. त्यानंतर माझी लय कधी हलली नाही, याची मला घमेंड होती. बायको म्हणायची, तेवढी एकच गोष्ट तुमच्यात सरळ हाय.

ती कंधारची. आमच्या लग्नात माझ्याच बँडची माणसं वाजवायला होती, आणि क्लॅरनेटवर एक नवखा बसवला होता, कारण नवरदेव मी. तो असा काही वाजवायला लागला की मला घोड्यावर राहवेना. मी खाली उतरलो, त्याच्या हातातलं वाद्य घेतलं, बाशिंग मागं सारलं आणि सासऱ्याच्या दारापर्यंत वाजवत गेलो. कंधारच्या बायका दारात येऊन विचारायला लागल्या, घोडा तर आला, नवरा कुठं हाय? हे तिनं मला पुढं जन्मभर ऐकवलं. पाहुणा आला की चहाच्या आधी हे.

लातूर जिल्हा झाला तेव्हा चौकाचौकात गुलाल उधळला. आमचा बँड दोन दिवस वाजवत होता. गुलाल क्लॅरनेटच्या भोकात गेला, तो काढायला आठ दिवस लागले. घरी येऊन मी तिला सांगितलं, आता जिल्हा जवळ आला. तिनं विचारलं, जवळ आला म्हणजे काय काय जवळ आलं? मी म्हणालो, कचेरी. आणि? मी म्हणालो, साहेब. आणि पाणी?  मी पत्ती पुसत बसलो. पत्ती म्हणजे क्लॅरनेटच्या तोंडाला बांधतात ती बोरूची चपटी काडी. नवऱ्याला उत्तर सुचत नसलं की ती पुसायला बरी असते.

मागून दुष्काळ आला. आमचं गाव जळकोटच्या अलीकडं, माळावर. जळकोट तेव्हा तालुका नव्हतं, आणि आमचं गाव तर कशातच नव्हतं. चाळीसेक घरं. त्यातली सात आमच्या बौद्धवाड्याची. आधी गावाची विहीर वेगळी होती, वाड्याची वेगळी. त्या साली दोन्ही आटल्या. मग नव्या जिल्ह्यानं जुना टँकर पाठवला. तो रोज सकाळी येऊन गावाबाहेरच्या हौदात रिकामा व्हायचा. हौदाला तोट्या दोन, चालत होती एक. असं करून सगळं गाव पहिल्यांदा एका तोटीला आलं. रांग मात्र जुनीच होती. गावाची घरं पुढं, वाड्याची मागं, आणि वाड्यात शेवटचं घर माझं.

घरटी दोन घागरी, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे बोललं होतं. प्रत्यक्षात ज्याचा हात तोटीवर, तो तिसरी लावायचा. बायकांच्या झिंज्या उपटल्या गेल्या, घागरींना पोचे पडले. मग गावातल्या मोठ्या शेतकरी दादांनी मनगटावरचं घड्याळ पुढं केलं. गावात घड्याळं तीन होती, चालत यांचंच होतं. ते हौदाच्या काठावर उभे राहायचे, घड्याळात बघायचे आणि म्हणायचे, झालं, पुढचं घर. पण घड्याळ त्यांच्या मनगटावर, तोंड त्यांच्याकडं. त्यांच्या घराला किती मिनिटं मिळाली आणि दुसऱ्याला किती, हे त्यांना आणि घड्याळालाच ठाऊक. भांडणं आणखी वाढली.

मी तेव्हा घरीच. दुष्काळात लग्नं होत नव्हती, झाली तर हार घालून उरकत होती. बायको रोजगार हमीच्या तलावावर माती उचलायला जायची, तिथून येऊन पाण्याला जायची. मी ओसरीवर बसून क्लॅरनेट तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळायचो आणि उलगडायचो. लाकूड उन्हानं तडकू नये म्हणून, असं मी म्हणायचो. ती म्हणायची, तेवढी फुंक चुलीत घातली असती तर दोन भाकरी तरी झाल्या असत्या.

एका सकाळी हौदावर फारच झालं. दादा घड्याळ दाखवतायत, एक बाई त्यांचं मनगट धरून ओढतेय, पाणी खाली चिखलात चाललंय. आमची बायको रांगेच्या शेपटाकडून मोठ्यानं म्हणाली, घड्याळ एकालाच दिसतं, गाणं सगळ्यांना ऐकू येतं, आमच्या घरी एक माणूस रिकामा बसून हाय, त्याला आणून बसवा. एका चालीत दोन घागरी. चाल चोरली तर पोराबाळांना बी कळंल.

ती मला टोमणा मारत होती. गावानं तो ठराव समजून पास केला.

दुसऱ्या दिवशी मला हौदाच्या कट्ट्यावर बसवलं. हळदीला वाजवतो ती चाल निवडली, कारण ती सगळ्यांना पाठ. पण बँडवाल्याची एक खोड असते. आम्हाला सुरू करायला सांगावं लागतं, थांबायला सांगत नाहीत. वरात पुढं सरकली की आम्ही सरकतो, नाचणारा दमला की चाल बदलतो. पहिल्याच घराची घागर लावली आणि समोर एक पोरगी नाचायला लागली. झालं. ती दमेना आणि मी थांबेना. त्या घरानं दोन घागरी भरल्या, बादली भरली, पाय धुतले, म्हैस आणायला माणूस पाठवला. शेवटी कुणीतरी माझ्या तोंडातून क्लॅरनेट काढलं. तिकडं रांगेच्या शेवटी आमची बायको पोट धरून हसत होती.

मग नीट ठरवलं. धृपद, एक कडवं, परत धृपद, आणि बंद. चार दिवसांत घडी बसली. लोक रांगेत उभ्या उभ्या तोंडातल्या तोंडात चाल म्हणायचे. मी कुणासाठी घाई केली तर रांग मला मागं ओढायची, रेंगाळलो तर ढकलायची. भांडणं थांबली. टँकरचा ड्रायव्हर टँकर रिकामा झाल्यावरही बसून राहायला लागला. बाजूच्या गावचे लोक बघून गेले. मला लोक वाटेत थांबवून नमस्कार करायला लागले. ज्यांनी आयुष्यात मला कधी बस म्हटलं नव्हतं ते म्हणायला लागले, मास्तर, बसा. माझे ओठ सुजले होते, पण छाती त्याहून जास्त फुगली होती. वाटायला लागलं, उस्तादांनी मला याच्यासाठीच मारलं असावं. मी डोळे मिटून वाजवायचो. पहिल्या घराला जी लय, तीच चाळिसाव्याला. सूतभर फरक नाही.

फरक एकाच घरी करायचो. शेवटचं घर आपलं, आपल्यानं जास्त झालं असं कुणी म्हणू नये, म्हणून बायकोच्या पाळीला शेवटचं धृपद अर्ध्यावर सोडायचो. लोकांच्या लक्षात यायचं. ते हसायचे, मान डोलवायचे, बघा, म्हणायचे, घरच्या बाईला बी सोडलं न्हाई मास्तरांनी. मला ते फार गोड लागायचं. ती घागरी उचलायची आणि चालायला लागायची. मला वाटलं, तिलाही अभिमान वाटतोय. नवऱ्यांना असं पुष्कळ वाटत असतं.

महिना असाच गेला असेल. एक दिवस रांगेतली एक मेंढपाळीण बाई मला हसत म्हणाली, मास्तर, तुमची कारभारीण कोंबडं आरवायच्या आधी घागर घेऊन ओढ्याकडं जाती, तिकडं दुसरा बँड बसवलाय का काय? लोक हसले. मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या मागं गेलो.

ओढा कोरडा होता. त्याच्या वाळूत एक खड्डा खणलेला, कमरेएवढा. त्याच्या तळाला पाणी झिरपत होतं, अगदी डोळ्यात येतं तेवढं. ती खड्ड्यात उकिडवी बसली होती. एक वाटी भरायची, ती फडक्यातून घागरीत ओतायची, परत वाटी भरायची वाट बघायची. आणि वाट बघता बघता शिव्या घालत होती. नाव घेत नव्हती, पण मला ओळख पटली.

मी काठावर बसलो. विचारलं, "किती दिवस झाले हे?"

"तुमी इमानदार झाल्यापासून."

मी म्हणालो, एक धृपद अर्धं सोडतो, त्यानं एवढं काय कमी पडतं. सगळ्यांना चाल सारखीच वाजवतो, लय कधी हलवत नाही. तिनं वाटी परत पाण्याला लावली.

"तुमची लय हलत न्हाई, पण हौद उतरतो का न्हाई?" ती म्हणाली. "पहिल्या घराला तोटी मनगटाएवढी येती. वाड्यापर्यंत आली की करंगळीएवढी. त्यांच्या घागरी भरून वाहतेत, आमची दुसरी निम्मी बी होत न्हाई. सात घरांत कुणाचीच होत न्हाई. तुमचे डोळे मिटलेले असतेत, तुमाला काय दिसतंय?"

मी हौदाच्या काठावर बसून महिनाभर वाजवत होतो आणि मला हे माहीत नव्हतं. टाकी उतरली की धार बारीक होते, हे लहान लेकरालाही कळतं. कळायला बघावं लागतं, एवढंच. वाड्यातल्या सगळ्या बायका त्या झिऱ्यावर पाळीपाळीनं येत होत्या. आमच्या घरची पाळी पहाटेची. त्यानंतर ती मातीकामाला जायची.

मी विचारलं, मला का सांगितलं नाही?

"सांगितलं असतं तर तुमी मला एकटीला लांबवून वाजवलं असतं. मग मी त्या सहा जणींना तोंड कसं दाखवावं?"

वाटी भरली होती. तिनं ती ओतली. मी खाली उतरून वाटी मागितली, तर म्हणाली, राहू द्या, तुमाला तेवढा दम नसतो.

घरी येताना घागर मी डोक्यावर घेतली. ती मागून सांगत होती, सरळ धरा, तुमच्या लयीत चाललात तर सांडंल.

आता काय करावं? रांग फिरवा, वाड्याला एक दिवस पुढं येऊ द्या, असं म्हणणं सोपं होतं. म्हणून बघितलं. लोकांनी ऐकलं, कुणी जमिनीकडं बघितलं, कुणी आभाळाकडं, आणि रांग होती तशीच उभी राहिली. रांग हलवणं माझ्या हातात नव्हतं. माझ्या हातात एक क्लॅरनेट होतं, आणि एक लय, जी हलवायची नाही म्हणून मी दोनदा पेटी खाल्ली होती.

दोन दिवस हौदावरून आलो की मी घरी घोकत बसलो. दारात घागर ठेवून, तांब्यानं जाड धार, बारीक धार ओतायला बायकोला सांगितलं आणि धार बघून वाजवायला लागलो. पाणी तेच तेच वापरत होतो, तरी ती म्हणाली, सांडलं तर तुमाला पिळून काढीन.

तिसऱ्या दिवशी हौदावर डोळे उघडे ठेवून बसलो. पहिलं घर दादांचं. तोटी धो धो सुटली. मी हळदीची चाल नाचाच्या लयीत सोडली. पोरं उड्या मारायला लागली, आणि चाल संपली तेव्हा दादांच्या दोन घागरी गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या. वाहिल्या मात्र नाहीत. पुढं हौद जसा उतरत गेला तशी मी लय उतरवत गेलो. सुतासुतानं. पंधराव्या घरापर्यंत कुणाला कळलं नाही. पंचविसाव्याला रांगेतले लोक एकमेकांकडं बघायला लागले. वाडा आला तेव्हा हळदीची चाल मयताला वाजवावी तशी झाली होती. दम पुरत नव्हता. एकेक सूर मी ओढ्यातल्या वाटीसारखा भरून ओतत होतो. वाड्याच्या बायकांच्या दुसऱ्या घागरी गळ्याला आल्या. त्या एकमेकींकडं बघत नव्हत्या, तोटीकडं बघत होत्या.

शेवटी आमचं घर. बायकोनं दुसरी घागर लावली. मी धृपद पूर्ण वाजवलं, महिन्यात पहिल्यांदा. शेवटचा सूर संपला आणि तिनं तोटी बंद केली, तोवर दादा आले. त्यांनी बाही वर केली होती.

ते म्हणाले, मास्तर, हे काय चाललंय? मला एवढं, आणि बायकोला दुप्पट? त्यांनी घड्याळ माझ्या डोळ्यापुढं धरलं. म्हणाले, आम्ही तुमच्यावर भरवसा टाकला, तुमी कलेत बी जात आणली.

रांगेतले लोक थांबले. कालपर्यंत मान डोलवणारे माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. मला सांगायचं होतं, पण ओठ बधिर झालेले, नुसती हवा निघाली. वाजवून वाजवून माझं बोलणंच संपलं होतं.

बायकोनं घागर उचलली. दादांच्या गड्यानं त्यांची एक घागर नेली होती, दुसरी, दादा घड्याळ घेऊन शेवटपर्यंत थांबले म्हणून, अजून कट्ट्यावर होती. हिनं आपली घागर नेऊन तिच्या शेजारी ठेवली. अगदी खेटून. त्या गावात वाड्याची घागर गावाच्या घागरीला खेटून उभी राहिलेली मी तोवर बघितली नव्हती. 

"दादा, घड्याळ राहू द्या," ती म्हणाली. "घागरीत बघा."

दादांनी बघितलं. दोन्ही घागरींत पाणी गळ्याच्या रेघेला होतं. त्यांनी वाकून परत बघितलं, जवळून. त्या मेंढपाळीण बाईनंही येऊन बघितलं. मग दोघं तिघं पुढं आले आणि दोन घागरींच्या भोवती माणसं अशी वाकली जशी पाळण्याभोवती वाकतात. कुणी घागर बाजूला सारली नाही. दादांनी बाही खाली केली. मग म्हणाले, उद्या बघतो.

त्या रात्री मी जेवलो नाही. ती जेवली. म्हणाली, उद्याचं उद्या, ताटात पडलेलं आज खावं लागतं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला, रांग लागली, आणि दादा पुढं नव्हते. शोधलं तर ते शेवटी उभे. वाड्याच्याही मागं, आमच्या बायकोच्या मागं, दोन्ही हातांत एकेक रिकामी घागर घेऊन. गडी आणला नव्हता. मास्तर लबाडी करतो का नाही ते पकडायला आले होते, हे त्यांनी लपवलं नाही. रांगेत कुजबुज झाली. मी चाल सुरू केली. पहिल्या घराला नाच, मग उतरत उतरत वाडा, मग आमचं घर, मग दादा. तेव्हा हौदात इतकं कमी राहिलं होतं की तोटीची धार थरथरत होती. मी तिच्याकडं बघत होतो, बाकी कुठंच नाही. इतकं सावकाश मी आयुष्यात कधी वाजवलं नाही. उस्ताद असते तर पेटी घेऊन उठले असते.

बायको आपल्या घागरी भरून झाल्यावरही गेली नव्हती. बाजूला उभी होती.

शेवटचं धृपद संपलं. दादांनी तोटी बंद केली. घागरीत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "मास्तर, झोप आली तुमच्या चालीनं. जरा जीव घाला तिच्यात."

"झोपेचं राहू द्या दादा," बायको म्हणाली. "घागर कशी हाय, हलकी का जड?"

 दादांनी एका हातानं घागर उचलायला बघितली. ती उचलली नाही. मग दोन्ही हात लावले.